कोपऱ्यावरचं वारं

दिवाळीच्या आधी दादा डोळे दाखवायला पुण्याला आले होते. त्यांना घेऊन साखऱ्याला निघालो. जिंतूरच्या पुढे कापसाच्या ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर निघालो, ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने मान टाकली. क्षणभरच. पण समोरून बस येत होती. ब्रेक मारून परत ट्रकच्या मागे आलो. दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हिसके कामून खाऊ लागली?"

कारण मला माहीत होतं. ते मीच लिहिलं होतं.

गाडी जुनी, टर्बो पेट्रोल. इंजिनाला जास्त हवा मिळावी म्हणून एअर फिल्टरपुढची ६० मिलिमीटरची नळी काढून ७० ची बसवली होती. या नळीतच एअरफ्लो सेन्सर असतो. त्यातली इवलीशी पट्टी आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेली असते. हवा तिला गार करते, आणि तिला गरम ठेवायला किती करंट लागतो त्यावरून ईसीयू हवेचं वजन काढतो. साधारण १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल. पण सेन्सरला कळते ती फक्त त्याच्या अंगाला लागणारी हवा. नळी रुंद झाली की तेवढीच हवा सावकाश जाते, आणि त्याला ती २६-२७ टक्के कमी वाटते. मग पेट्रोल कमी पडतं, इंजिन नॉक करतं. तरीही दामटत राहिलं तर पिस्टन वितळू शकतो.

दोन्ही नळ्यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर १.३६. ईसीयूमधल्या टेबलाला तेवढ्याने गुणलं. सरासरी जुळली, पण रीडिंग नाचायला लागलं. मग ऑफिसात करतो तेच केलं, मूव्हिंग ॲव्हरेज लावली. ग्राफ एकदम गुळगुळीत! फक्त हवा आत गेल्याचं ईसीयूला उशिरा कळायला लागलं. ट्रकशेजारी नडला तो हाच उशीर.

दुसऱ्या दिवशी दादा खळ्यावर बियाण्यापुरती सोयाबीन उपणत होते. टिनाच्या शेडजवळ दोन सुपं सोडली, थांबले, आणि सगळं उचलून दहा पावलं मोकळ्यात गेले.

"तिथं काय झालं, दादा?"

"कोपऱ्यावर वारं भोवंडतं. भूस परत दाण्यातच पडू लागलं."

मी जाऊन बॉनेट उघडलं. सेन्सर नळीच्या वळणाला लागूनच होता. त्याच्या आधीची, मधाच्या पोळ्यासारखी जाळीही मीच काढून टाकली होती, कारण एका व्हिडिओत ती हवा अडवते असं सांगितलं होतं. भोवंडणारी हवा सरळ करायलाच ती जाळी असते.

पुण्यात आल्यावर सेन्सर हलवला. त्याच्याआधी व्यासाच्या दहापट सरळ नळी असावी म्हणतात, म्हणजे ७० सेंटिमीटर. एवढी जागा बॉनेटखाली कुठली? जेमतेम ३० मिळाले. जाळी परत बसवली, ॲव्हरेज काढून टाकली. टेबल मात्र नव्याने भरावं लागलं, कारण नळीच्या मध्यभागी आणि कडेला हवेचा वेग सारखा नसतो आणि हवा वाढली की हा फरकही बदलतो. १.३६ सगळीकडे चालणार नव्हतंच. तीन रविवार गेले.

संक्रांतीच्या आधी डोळे पुन्हा दाखवून झाले, दादांना गावी सोडायला निघालो. जिंतूरच्या पुढे तसाच एक ट्रक. रस्ता मोकळा होता, तरी मी मागेच राहिलो. दोन-तीन किलोमीटर दादांनी वाट पाहिली.

"आता कामून जाईना?"