साइड मार्जिन

वेब डेव्हलपमेंट शिकताना मार्जिन आणि पॅडिंगमध्ये सगळ्यांचाच गोंधळ होतो. पॅडिंग म्हणजे डब्याच्या आतली मोकळी जागा, मार्जिन म्हणजे बाहेरची. त्यात सीएसएसचा एक विचित्र नियम आहे. एकाखाली एक ठेवलेल्या दोन डब्यांच्या मार्जिनची बेरीज होत नाही, मोठं मार्जिन लहान्याला गिळून टाकतं. याला मार्जिन कोलॅप्स म्हणतात. धायरीतल्या आमच्या गल्लीत दोन्ही मार्जिनं गिळली गेली आहेत.

आमचं घर एका गुंठ्यावर आहे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ३३ बाय ३३. बाबांनी १९९८ साली तिथे तीन खोल्या बांधल्या, वर पत्रे. तेव्हा धायरीला ग्रामपंचायत होती. पुणे महापालिकेत गाव आलं ते ऑक्टोबर २०१७ मध्ये, इतर दहा गावांबरोबर. शेतजमिनीचे असे तुकडे पाडू नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा होताच, तरी तुकडे पडले. मग पडलेले तुकडे नियमित करायला २००१ चा गुंठेवारी कायदा आला, आणि २०२१ मध्ये त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. घरं आधी पोचली, नियम मागून रिक्षाने आले.

आता पत्रे काढून तीन मजले चढवायचे आहेत. माझ्या पगारावर कर्ज मंजूर झालंय. आर्किटेक्टने पहिला प्लॅन आणला तेव्हा बाबांनी चष्मा पुसून दोनदा बघितला. बाजूंना दीड-दीड मीटर, म्हणजे जवळजवळ पाच-पाच फूट सोडायचे. ३३ मधून दहा गेले, उरले २३. चारही बाजूंनी सोडले तर हातात ५२९ चौरस फूट. "पैसे गुंठ्याचे दिले आणि घर निम्म्या गुंठ्याचंही नाही?" बाबा म्हणाले. गणित बरोबर होतं.

सरकारी मराठीत याला 'सामासिक अंतर' म्हणतात. शब्द ऐकून व्याकरणाचा पेपर आठवतो. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही भाग वगळता राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू आहे, तिच्यात ही अंतरं आहेत. उंच इमारतींना साधारण हिशेब असा, की उंचीच्या एक पंचमांश जागा बाजूला सोडायची. २४ मीटर उंच इमारत असेल तर ४.८ मीटर. कारणं साधी आहेत: उजेड, वारा, आणि आग लागली तर बंब आत शिरायला जागा.

पण पेठांमधले वाडे एकमेकांना चिकटूनच उभे राहिले ना? कित्येक ठिकाणी दोन वाड्यांमध्ये भिंतही सामाईक. ते अंधारात का नव्हते? कारण वाड्याची मोकळी जागा मधोमध असायची. चौकातून उजेड यायचा, पाऊस यायचा, तुळस तिथेच. आजचा नियम तीच जागा उचलून कडेला ठेवतो. म्हणून जुन्या पेठेत वीस फूट रुंदीच्या जागेवर दोन्ही बाजूंना एक-एक मीटर सोडायचं म्हटलं की साडेसहा फूट जातात आणि मालक कपाळाला हात लावतो. त्याचं मला पटतं.

मलाही मोह झाला. कडेचे फूट काढून घेऊ, मध्ये आठ बाय आठचा चौक करू. दोन रात्री मी लॅपटॉपवर तेच आखत बसलो होतो. दिसायला सुंदर होतं.

अडचण पूर्वेच्या बाजूला आहे. शेजारच्या काकूंचं घर बरोबर हद्दीवर उभं आहे, मार्जिन शून्य, आणि त्यांच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी आमच्या जागेत उघडते. आम्ही त्या बाजूला चार-पाच फूट सोडले होते ते काही कायदा पाळायला नव्हे. बाबांची एम-८० लावायला जागा हवी होती. त्या एम-८० च्या जागेतून गेली वीस-बावीस वर्षं काकूंच्या ओट्यावर ऊन पडतंय. माझा चौक मला उजेड देईल, त्यांना नाही.

१८८२ च्या इझमेंट कायद्यात तरतूद आहे: वीस वर्षं अखंड, हक्काने आणि शांतपणे एखाद्या खिडकीतून उजेड घेतला, तर त्यावर हक्क तयार होऊ शकतो. म्हणजे ज्यांनी जागा सोडली नाही त्यांचा हक्क, आणि ज्यांनी सोडली ते अडकले! धाकटा भाऊ यावर भडकला. त्याचंही चूक म्हणता येत नाही. पाच फूट गुणिले ३३ म्हणजे एका मजल्याला १६५ चौरस फूट, तीन मजल्यांचे ४९५. धायरीत एवढ्यात वन बीएचके बसतो आणि त्याच्या भाड्यात हप्त्याचा मोठा भाग निघतो.

कॉन्ट्रॅक्टरकडे उत्तर तयार होतं. "पास करायचा प्लॅन वेगळा, बांधायचा वेगळा. सगळी गल्ली तशीच उभी आहे." काकूही म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बांधा बिनधास्त. आम्ही दिवसा लाइट लावू." मनापासून म्हणाल्या, टोमणा नव्हता. त्यामुळे आणखी पंचाईत झाली. भांडल्या असत्या तर निर्णय सोपा होता.

बाबांनी आठवडाभर कुणाशी काही बोलणं टाळलं. मग आर्किटेक्टला फोन करून सांगितलं की पास होईल तोच प्लॅन बांधायचा. कारण दिलं नाही. भावाने तीन दिवस अबोला धरला. मी एक्सेलमध्ये हप्त्याची मुदत पंधराची वीस वर्षं केली आणि माझा चौक डिलीट केला.

गेल्या रविवारी फक्की मारली. पूर्वेच्या हद्दीपासून पाच फुटांवर पांढरी रेघ. कॉन्ट्रॅक्टर टेप गुंडाळत म्हणाला, "बरं, खाली सोडा. वरच्या मजल्यांना अडीच फुटांची गॅलरी तरी बाहेर काढू?" बाबा अजून विचार करतायत.