पेटीतला ओलावा

धूम्रपानाची भलावण करण्यासाठी हे लिहीत नाही, एवढे आरंभीच सांगून टाकलेले बरे. आम्ही स्वतः आजवर साध्या विडीचाही झुरका घेतलेला नाही. तरीही गेली काही वर्षे आमच्या अभ्यासिकेत, कायद्याच्या जाडजूड ग्रंथांच्या शेजारी, चिरुटांची एक पेटी नांदते आहे. आणि आषाढ लागला की घरातल्या मुलाबाळांच्या पडशा-खोकल्याइतकीच तिच्या प्रकृतीची चौकशी आम्हांस करावी लागते.

ज्यांच्या हाताखाली आम्ही वकिलीचे धडे गिरवले, त्यांची ही पेटी. त्यांचा नेम असा की, रविवारी संध्याकाळी सोप्यावर बसून एकच चिरूट ओढायचा, दुसरा नाही. पण ओढण्यापेक्षा त्यांचा जीव त्या पेटीच्या निगराणीतच अधिक रमे. झाकण उघडायचे, आत बसवलेल्या ओलावामापकाच्या काट्याकडे एकदा पाहायचे, मग एकेक चिरूट दोन बोटांत हलकेच दाबून खालचे वर आणि वरचे खाली करायचे. आम्ही तेव्हा उमेदवारीत होतो. हे सारे आम्हांला एखाद्या सोवळ्यातल्या विधीसारखे वाटे. एकदा धीर करून विचारले, तर म्हणाले, “अरे, काटा म्हणजे नुसता कारकून. निकाल बोटांनी द्यायचा असतो.”

ते गेल्यानंतर महिन्याभराने त्यांच्या पत्नीने आम्हांस बोलावून घेतले आणि पेटी पुढे सरकवली. “ही पेटी तूं व्हर. हांगा तिका कोण पळयतलो?” एवढेच त्या बोलल्या. आत अकरा चिरूट होते.

पेटीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. वकिलाला छापील शब्द म्हणजे वेदवाक्य! तीत लिहिले होते की, आतल्या हवेत शेकडा 65 ते 70 इतका ओलावा असावा. त्याहून कमी झाला की वरचे पान तडकते आणि आतले सुगंधी तेल उडून जाते. त्याहून फार वाढला की चिरूट फुगतो, नीट ओढला जात नाही आणि त्यावर बुरशी धरते. झाकणाखाली एक सच्छिद्र पितळी डबी होती. तिच्यातला स्पंज ठरावीक दिवसांनी ऊर्ध्वपातित पाण्याने भिजवावा, नळाचे पाणी वापरल्यास त्यातील क्षारांनी स्पंज बुजतो, अशीही सूचना होती. पेटीच्या आतली फळी ज्या लाकडाची, त्याला ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात. गंमत अशी की ते लाकूड स्पेनचेही नव्हे आणि सीडर म्हणजे देवदाराचेही नव्हे. ते अमेरिका खंडातल्या उष्ण रानांतले, आणि वनस्पतिशास्त्राच्या वंशावळीत आपल्या कडुनिंबाच्या कुळातले! धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालणाऱ्या आमच्या आजीला हा सोयरसंबंध कळता, तर तिला मुळीच नवल वाटले नसते.

पहिल्याच पावसाळ्यात काटा 62 वर दिसला. आम्ही तत्परतेने स्पंज भिजवला. काटा 70 वर येऊन स्थिरावला आणि आम्ही निश्चिंत झालो. श्रावणात झाकण उघडले तेव्हा चिरुटांवर पांढरी लव उगवलेली होती. अकरांपैकी आठ टाकून द्यावे लागले.

तेव्हा कुठे साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची बुद्धी झाली. पद्धत सोपी आहे. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचे, ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी त्यावर शिंपडायचे आणि ते बूच व मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचे. अशा ओल्या मिठाभोवतीच्या कोंडलेल्या हवेत ओलावा शेकडा 75 वर येऊन थांबतो. उष्मा थोडा कमीजास्त झाला तरी हा आकडा फारसा ढळत नाही. सकाळी पाहिले तर आमचा काटा 67 दाखवीत होता! म्हणजे तो आठांनी खोटे बोलत होता, आणि ज्याला आम्ही 70 समजत होतो तो ओलावा वस्तुतः 78 होता. बोटांनी चिरूट दाबून पाहिला असता, तर हे पहिल्याच दिवशी समजले असते.

पण सारा दोष काट्यावर ढकलणे न्यायाचे होणार नाही. ती पुस्तिका लिहिली गेली होती थंड मुलखातल्या घरांसाठी. हिवाळ्यात तेथे शेगड्यांनी घर तापवतात आणि आतली हवा कोरडी ठणठणीत होते, म्हणून तिथल्या पेटीला बाहेरून पाणी द्यावे लागते. आमच्या गोव्यात जुलै महिन्यात भिंतींना घाम फुटतो, चामड्याच्या जोड्यावर हिरवळ येते. अशा हवेत पेटीला पाणी पाजणे म्हणजे बुडत्याला तांब्याभर पाणी देण्यासारखेच. आता पावसाळ्यात तो स्पंज आम्ही काढून ठेवतो. क्षारद्रावणाच्या पुड्या हल्ली मिळतात. हवा कोरडी झाली की त्या ओलावा देतात, दमट झाली की शोषून घेतात. त्यांतली एक आत ठेवली की काम भागते.

हे सारे येथवर घरगुती विनोदात जमा झाले असते. परंतु त्याच वर्षी कार्तिकातल्या जत्रेला बेळगावहून एक वृद्ध गृहस्थ आमच्या कुलदेवतेच्या दर्शनाला आले. त्यांच्या आजोबांनी देवस्थानात पालखीची सेवा केली होती, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. देवस्थानाच्या जुन्या वहीत ते नाव एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच त्यांची इच्छा. वही कोठे आहे, हे आम्हांला पक्के ठाऊक होते. कारण काही वर्षांपूर्वी आमच्याच सल्ल्याने ती जुनी कागदपत्रे प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून लोखंडी कपाटात कुलूपबंद केली होती. कपाट उघडले मात्र, कुबट वास अंगावर आला. भर पावसाळ्यात गुंडाळलेल्या त्या कागदांबरोबर आम्ही त्यांतला ओलावाही कोंडून ठेवला होता. हवी ती पाने एकमेकांना चिकटली होती. पुढे ती जाणकाराच्या हाती दिली. एक सुटले, दुसरे फाटल्यावाचून सुटेना. सुटलेल्या पानावर ते नाव नव्हते. दुसऱ्यावर होते की नव्हते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ते गृहस्थ एका शब्दानेही आम्हांस बोलले नाहीत. देवापुढे नारळ ठेवून परत गेले.

कोणी ओढणार नाही अशा तीन चिरुटांसाठी आम्ही रात्र रात्र मिठाचे प्रयोग केले, आणि ज्या वहीत शेकडो घराण्यांची नावे होती तिच्याकडे चार पावसाळे फिरकलोही नाही! कुलूप लावले म्हणजे राखण झाली, हा आम्हां वकिलांचा आवडता भ्रम. आमच्या वडील वकिलांनी त्या पेटीला कधी कुलूप लावल्याचे आठवत नाही. ते दर रविवारी ती उघडीत.

आता ती कागदपत्रे धुतलेल्या सुती कापडात बांधून, भिंतीपासून दूर, लाकडी मांडणीवर ठेवली आहेत. चिरुटाला मानवणारा ओलावा कागदाला मानवत नाही. कागदाला शेकडा 50 च्या आसपास बरे. 65 च्या वर फार दिवस राहिला की बुरशीला आमंत्रणच. शिवाय चिरूट पोखरणारा जो दोन-तीन मिलिमीटरचा भुंगेरा, तोच ग्रंथांतही भोके पाडतो, म्हणून दर महिन्याला एकेक दप्तर सोडून पाहावे लागते. हे काम आम्ही मागून घेतले आहे.

परवा देवस्थानातला नवा मापक तपासायला गेलो, तेव्हा भटजींकडे चिमूटभर मीठ मागितले. “वकीलसाहेब, मीठ कशाला?” त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, “साक्षीदाराला शपथ द्यायची आहे.”