थव्यात परतणारे कबूतर

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या परिसरात जोपासलेल्या रोलर जातीच्या कबुतरांचा आम्हांला फार वर्षांचा नाद आहे. उडता उडता हे पाखरू मागे उलटते, एकामागून एक कोलांट्या घेत चेंडूसारखे खाली येते आणि सावरून पुन्हा थव्यात मिसळते.

नवख्याची नजर सर्वांत खोल उतरणाऱ्या पाखरावर खिळते, आणि तशाच दोघांची जोडी लावण्याचा मोह त्यास होतो. परंतु कोलांटीचा गुण रक्तातून उतरतो. त्याचा अतिरेक झाला की पिलांना वेळीच सावरता येत नाही. ती छपरावर आपटून प्राणास मुकतात. म्हणून जोडी निवडताना आम्ही कोलांटीचा वेग पाहतो, पण त्याहूनही अधिक पाहतो ते सावरणे.

मादी दोन अंडी घालते. सुमारे १८ दिवसांनी पिले बाहेर येतात आणि महिन्याभराने स्वतः दाणे टिपू लागतात. तेव्हापासूनच दाण्याबरोबर शिटीची सवय लावावी. उडवावे ते उपाशीपोटी, दाणा घालावा तो परतल्यावर. कोलांटी शिकवावी लागत नाही. काही महिन्यांत ती आपसूक येते. पाळणाऱ्याने शिकवायचे असते ते घरी परतणे.