आजीचे कान आणि बारा व्होल्ट

आमच्या मांद्र्याच्या घरात कॅसेट डेक असलेला एक जुना अँप्लिफायर आहे. बाबांनी लग्नाआधी घेतलेला. आजो जाऊन आठ वर्षं झाली, पण चवथीला तो अजून आमच्या घरी आरत्या म्हणतो. एका कॅसेटवर. मागे घुमट, शामेळ आणि कासाळें.

गेल्या चवथीला आजी म्हणाली, "घुमटाचो आवाज खंय गेलो? नुसती गुणगुण आयकूंक येता."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आजी ऐंशीच्या पुढची. आई हळूच म्हणाली, कान तपासून घ्यायला हवेत. मी तर विज्ञानाचा विद्यार्थी! वय झालं की असं व्हायचंच, म्हणून मोकळा झालो. आजी काही बोलली नाही. पण त्यानंतर कॅसेट लावली की ती उठून पडवीत जाऊन बसायची.

या वर्षी श्रावणात ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावी म्हणून मी हेडफोन लावून बसलो आणि चपापलो. आजोच्या आवाजाखाली एक जाड गुणगुण होती आणि घुमटाचा खोल ठोका नेमका तिच्यातच बुडाला होता. टेप थांबवला, तरी गुणगुण तशीच. म्हणजे दोष कॅसेटमध्ये नव्हता, यंत्रात होता. आणि आजीच्या कानांत तर मुळीच नव्हता.

प्लग काढून झाकण उघडलं. आत धूळ, खाऱ्या हवेने गंजलेले स्क्रू आणि हीटसिंकवर बसवलेला तीन पायांचा ७८१२, म्हणजे बारा व्होल्टचा रेग्युलेटर. ट्रान्सफॉर्मरकडून आलेली वीज डायोड ब्रिजमधून जाते, फिल्टर कपॅसिटर तिचे चढउतार भरून काढतो आणि रेग्युलेटर त्यातून स्थिर बारा व्होल्ट देतो. आउटपुटला मीटर लावला, तर ११.२. सापडला चोर! म्हापशाहून नवा ७८१२ आणला, जुना काढून तो सोल्डर केला, सुरू केलं. पुन्हा ११.२, पुन्हा तीच गुणगुण.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेलो. मी रेग्युलेटरबद्दल बरंच बोललो. त्यांनी मान वर न करता एवढंच विचारलं, "आदीं भितर कितें येता तें पळयलें?"

पाहिलं नव्हतं.

घरी येऊन इनपुटला मीटर लावला. पंधरा व्होल्ट. ७८१२ ला काम करायला आउटपुटपेक्षा साधारण दोन व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे चौदा. पंधरा पुरे होते की! मग काकांनी सांगितल्याप्रमाणे तिथेच मीटर एसीवर फिरवला. तीन व्होल्ट. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पंधरा ही नुसती सरासरी होती. प्रत्यक्षात व्होल्टेज वीसच्या आसपास चढून दहाच्या आसपास कोसळत होतं. आपली वीज ५० हर्ट्झची, ब्रिज दोन्ही अर्ध्या लहरी वापरतो, म्हणून सेकंदाला शंभर वेळा. प्रत्येक वेळी रेग्युलेटर क्षणभर उपाशी राहत होता आणि तेच शंभर खड्डे आम्हांला गुणगुण म्हणून ऐकू येत होते. रेग्युलेटर चांगलाच होता. त्याच्यामागचा २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुकून गेला होता.

काकांनी सांगितलेला क्रम आता माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. आधी इनपुट, डीसी आणि एसी दोन्ही. ते ठीक असेल आणि आउटपुट पडलेलं असेल, तर बंद करून आउटपुटची पुढे जाणारी वायर सोडवायची. बारा व्होल्ट परत आले, तर पुढच्या सर्किटमध्ये शॉर्ट आहे आणि रेग्युलेटर स्वतःला वाचवायला आवरतं घेतोय. एवढं करूनही दोष राहिला, तरच रेग्युलेटर बदलायचा. उणे बारावाला ७९१२ असेल, तर जपून, त्याच्या पायांचा क्रम वेगळा असतो. आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. ती रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय हात घालायचा नाही.

नवा कपॅसिटर, प्लस-मायनस दोनदा तपासून, बसवला. एसीवर मीटर जेमतेम हलला. आउटपुट बरोबर १२. कॅसेट लावली आणि पहिल्याच आरतीला घुमट असा वाजला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आजी पडवीतच होती. मी तिला हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं. तिने डोळे मिटले. दोन आरत्या होईपर्यंत तिची बोटं मांडीवर ठेका धरत होती. मला "चुकलो" म्हणायचं होतं, पण शब्द फुटेना. कॅसेट संपली तशी तीच माझ्याकडे बघून म्हणाली,

"आदींच सांगिल्लें तुका."

वर्षभर ती सांगतच होती. मी तिच्या कानांना दोष दिला, पण त्या कानांपर्यंत काय पोहोचतंय ते एकदाही पाहिलं नाही.