डोहाळा की तलफ?

तापी खानदेशातून वाहत सुरतेस येते. तिच्याच खोऱ्यातून जाणाऱ्या भुसावळ-सुरत लोहमार्गाने आपली माणसेही आली. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची ही मंडळी लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत स्थिरावली, मागांवर राबली आणि येताना जात्यावरच्या ओव्यांपासून खापरावरच्या मांड्यांपर्यंत पुष्कळ काही बरोबर घेऊन आली. त्या गाठोड्यात मिश्रीची डबीही होती. बाकीचे अवश्य जतन करावे. या डबीविषयी मात्र चार शब्द लिहावेत, असे आमच्या मनात बरेच दिवस होते.

आपल्या घरांत सिगारेट ओढणारी स्त्री सहसा दिसत नाही. त्यामुळे गरोदरपण आणि तंबाखू हा विषय परक्यांचा, असे आपण समजतो. वस्तुतः तो आपल्या मोरीपाशीच आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी बोटाने दातांना लावायची. गुजराती शेजारघरी हीच जागा बजर घेते. प्रथम दातदुखीसाठी, मग पोट साफ होण्यासाठी, आणि शेवटी तिच्यावाचून चैन पडत नाही म्हणून!

पहिलीच्या मुलांच्या मातांच्या एका बैठकीत सातव्या महिन्यातील एका बाईंनी आम्हांस विचारले, "गुरुजी, मिश्री तर आम्ही घरी भाजतो. तिला तंबाखू कसं म्हणायचं?" शेजारी सासूबाई बसल्या होत्या, त्यांनीही मान डोलावली. प्रश्न भाबडा होता, पण खोटा नव्हता. जे घरात होते ते निर्धोकच असणार, असा आपला जुना विश्वास आहे.

परंतु भाजल्याने तंबाखूतील निकोटीन निघून जात नाही. ते हिरड्यांतून रक्तात आणि रक्तातून वारेवाटे गर्भात पोहोचते. रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला मिळणारा प्राणवायू व पोषण कमी होते. मुंबईतील १२१७ स्त्रियांचा अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि दिवस भरण्यापूर्वी जन्मणाऱ्या बाळांचे प्रमाणही अधिक आढळले. ज्या बाळाचे वजन मुळातच अडीच किलोच्या काठावर, त्याला शंभर ग्रॅमही जड जातात. दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ सालीच मनाई केली. घरच्या तव्यावर मात्र कायद्याची नजर पोहोचत नाही.

वर्गात एखादे मूल अंगाने किरकोळ असते, लक्ष टिकवू शकत नाही, वारंवार आजारी पडते. त्याचे सारे खापर मिश्रीवर फोडणे अन्यायाचे होईल. दारिद्र्य, अपुरे अन्न आणि कोंदट खोल्या यांचाही त्यात वाटा असतो. पण गर्भातील मेंदूच्या घडणीस निकोटीन बाधक ठरते, हे शास्त्र सांगते. ज्या ओझ्यांवर आपला इलाज चालत नाही, त्यांत हाताने एकाची भर का घालावी?

आपल्याकडे गर्भिणीचे डोहाळे पुरवतात, कारण तिच्या तोंडून बाळच मागते, अशी समजूत आहे. ही समजूत मोठी गोड आहे. मात्र मिश्रीची ओढ हा डोहाळा नव्हे, ती तलफ आहे. आणि तलफ बाळाची नसते. डोहाळजेवणाची ओटी भरणाऱ्या हातांनीच ती डबी फळीवरून उतरवली, तर त्याहून मोठे वाण कोणते?

एकट्या सुनेला उपदेश करून हे साधणार नाही. सासूबाईंनी आपली मिश्री सोडावी, आणि घरच्या पुरुषांनी एका खोलीच्या संसारात विडी पेटवू नये. अंगणवाडीच्या ताईंना, दवाखान्यातील परिचारिकेला न लाजता सांगावे. १८००-११-२३५६ या विनामूल्य दूरध्वनीवरही मदत मिळते. कितवा महिना लागला आहे, याची चिंता नको. ज्या दिवशी डबी सुटेल, त्या दिवसापासून बाळाचा लाभच आहे.