तंतू की पेशीची कड

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरू लागल्यापासून केओएचची काच (कातडीची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधतात ती) मी एकटा वाचत नाही. हे लिहितानाही जड जातंय.

पाऊस लागला की विक्रोळीत चिखल्या घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. गमबुटात राबणारे सफाई कामगार, पाळी संपेपर्यंत सेफ्टी शूज न काढणारे कारखान्यातले लोक, कन्नमवार नगरातल्या सोसायट्यांचे वॉचमन. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत माझं काही अडत नाही. अडतं ते कोरड्या, कोंडा सुटलेल्या तळव्यापाशी. सोरायसिस, एक्झिमा, बुटातल्या रबराची अ‍ॅलर्जी, बुरशी. तिथे सगळ्यांचा तोंडवळा एकच. पायांचे दोन्ही तळवे आणि एकच हात धरला असेल तर बुरशीचा संशय पक्का होतो, पण अशी खूण नेहमी मिळत नाही.

काचेवरही तोच घोळ. तळव्याची जाड कातडी विरघळायला वेळ घेते आणि तोवर पेशींच्या कडा एकमेकींना जुळून जाळं उभं करतात. बुरशीचा खरा तंतू त्या कडा ओलांडून जातो. आभास कडेकडेने चालतो. कंडेन्सर खाली, बारीक स्क्रू मागेपुढे, तरी तो एक धागा ओलांडून गेला की वळला, ते ठरत नाही. त्याच धाग्यापाशी मी संध्याकाळी उशिरापर्यंत बसून राहतो.

पूर्वी शंका आली तर बुरशीवरचं टर्बिनाफिन देऊन बघायचं. उतार पडला तर बुरशी. ती वाट आता बंद झाली. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांमधून ट्रायकोफायटॉन इंडोटिनीए ही टर्बिनाफिनला दाद न देणारी जात नोंदवली. ती जांघेत, अंगावर जास्त. तरी गुण आला नाही यावरून आता काहीच ठरत नाही. त्यात केमिस्टकडचं स्टिरॉइड मिसळलेलं मलम. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ट्यूब मिळतेच. लाली जाते, चट्ट्याची कडा पुसली जाते, बुरशी मोकाट. फोनवर फोटो बघून मलम सांगणाऱ्या व्यवसायबंधूंचा मला मनापासून राग येतो.

माझ्याकडे शिकायला येणारी डॉक्टर म्हणाली, "सर, केओएचमध्ये पार्करची शाई घालू का?" शाईने तंतू उठून दिसतात, हे मला ठाऊक होतं. पण बिनरंगी काच वाचता येणं हा माझा गर्व. मी कित्येक दिवस नकोच म्हणत राहिलो.

आता डोळ्यापुढे हार मानून एकाच खरवडीच्या दोन काचा करतो. साधी मी वाचतो, मत वहीत लिहितो, मगच त्या डॉक्टरने केलेली शाईची बघतो. दोन्ही जुळल्या की जो आनंद होतो, त्यात रोग्याचा वाटा थोडाच असतो. नाही जुळल्या तर मलम बंद करायला सांगून रोग्याला पुन्हा बोलावतो आणि दुसऱ्या जागेचा कोंडा घेतो.