मिस्टेकन पॉइंट : बूट काढा, मग बघा!

कॅनडात न्यूफाउंडलंडच्या या टोकाला जायचं तर धुक्याची तयारी हवीच. याच धुक्यात खलाशी याला केप रेस समजून फसायचे, म्हणून हे नाव! गाइडशिवाय प्रवेश नाही. कड्यावरच्या खडकावर पाऊल टाकण्याआधी बूट काढायचे, देवळात काढतो तसेच. कारण पायाखाली साडेछप्पन्न कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ आहे, ज्वालामुखीच्या राखेखाली दबलेला. ऊन तिरपं पडलं की नेच्याच्या पानांसारखे ठसे शेकड्याने उठून दिसतात. १९६७ मध्ये ते शिवबालक मिश्र या भारतीय विद्यार्थ्याला सापडले. चातीच्या आकाराच्या 'फ्रॅक्टोफ्युसस मिसराई'ला त्यांचंच नाव आहे.

पण हे आहे तरी काय? पान म्हणावं, तर इथला समुद्र इतका खोल की ऊन पोचतच नव्हतं. वनस्पती बाद! मग सी-पेन या समुद्री प्राण्याचे पूर्वज? तेही जमत नाही. सी-पेनला नवी फांदी बुडाशी फुटते, इथल्या 'चार्निया'ला शेंड्याशी. बरं, तोंड नाही, पोट नाही. नुसती फांदीला फांदी. तरी बरेच अभ्यासक आता यांना अगदी आरंभीचे प्राणीच मानतात.

सहली उन्हाळ्यातच, पोर्तुगाल कोव्ह साउथहून. जाडे मोजे न्या, खडक गार असतो.